पंचवीस चुलींचा मुलूख

"आज स्वयंपाकाचा कंटाळा आलाय, चायनीज आणू या का?" हे वाक्य ज्या घरात कधीच उच्चारलं गेलं नाही, असं मराठी घर अमेरिकेत शोधूनही सापडायचं नाही. चायनीज म्हणजे काय हे आपण सगळ्यांनी मिळून ठरवूनच टाकलंय. पांढऱ्या खोक्यातलं लो मेन, फ्राइड राइस, वर सॉसच्या चार पुड्या. भारतात सुट्टीला गेलो की त्यात मंचुरियनची भर, जे मांचुरियातल्या माणसानं स्वप्नातही पाहिलेलं नसतं!

पण हाच न्याय दुसऱ्यांनी आपल्याला लावला की मात्र आपण चिडतो. ऑफिसातला मित्र कौतुकानं सांगतो, "मला इंडियन फूड फार आवडतं," आणि त्याच्या डोळ्यांसमोर असतं ते बुफेतलं टिक्का मसाला, नान आणि पालक पनीर. त्यात थालीपीठ कुठं? खानदेशी भरीत, सोलकढी, पिठलं-भाकरी, अंबाडीची भाजी कुठं? मग आपण त्याला समजावायला लागतो की बाबा रे, भारत केवढा मोठा, महाराष्ट्रातच पाच-सहा तऱ्हेचे स्वयंपाक, आणि आमच्या मालवणचं जेवण तर पुण्याच्या माणसालाही परकं. तो बिचारा मान डोलावतो आणि नान तोडतो.

चीनच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात युन्नान आणि ग्वेइजौ असे दोन प्रांत आहेत. २०२४ च्या सप्टेंबरात आम्ही दोघं तिथं तीन आठवडे हिंडून आलो. डोंगर, तळी, देवळं पाहिलीच, पण माझं खरं लक्ष होतं चुलीपाशी. हे पक्के शाकाहारी आणि मी मासे खाऊन वाढलेली, त्यामुळे दोन्ही बाजूंची पाहणी आपोआप झाली. त्यातलं थोडंसं आपल्या अंकाच्या वाचकांना सांगावंसं वाटलं.

डोंगर आणि माणसं

चीन सरकारनं देशात एकूण ५६ लोकसमूह मानले आहेत. बहुसंख्य हान सोडले तर उरतात ५५. त्यांतले २५ समूह एकट्या युन्नानमध्ये पूर्वापार वस्ती करून आहेत. २०२० च्या जनगणनेप्रमाणे प्रांताची लोकसंख्या ४ कोटी ७२ लाखांच्या आसपास, आणि त्यातली जवळजवळ एक तृतीयांश माणसं हान नव्हेत. प्रांताचा आकार महाराष्ट्राच्या सव्वापटीहून थोडा जास्त. एका बाजूला तिबेट, दुसऱ्या बाजूला ब्रह्मदेश, खाली लाओस आणि व्हिएतनाम.

इतक्या तऱ्हा एकाच प्रांतात कशा, याचं उत्तर नकाशात आहे. उत्तरेला कावागेबो हे ६,७४० मीटर उंचीचं बर्फाच्छादित शिखर, आणि दक्षिणेला व्हिएतनामच्या सीमेवर हकौ गावाजवळ जमीन समुद्रसपाटीपासून जेमतेम ७६ मीटर. एकाच प्रांतात याकही आहे आणि केळीही. मधून खोल दऱ्या कापत मोठमोठ्या नद्या जातात. पलीकडच्या डोंगरावरचं गाव डोळ्यांना दिसतं, पण पूर्वी तिथं पोचायला दोन-दोन दिवस लागायचे. जे आपल्या उतारावर पिकेल ते खायचं, असा तो हिशेब.

नावांचं मात्र आधीच सांगून ठेवते, नाहीतर तुम्ही हसाल. एका समूहाचं नाव बाय, दुसऱ्याचं दाय, तिसऱ्याचं हानी, आणि ग्वेइजौमधले मुख्य ते म्याव! आम्हीही पहिले दोन दिवस हसलो. मग जेवायला लागलो आणि हसायचं विसरलो.

कुनमिंगला पिठलं

राजधानी कुनमिंग सुमारे १,९०० मीटर उंचीवर आहे. हवा बारा महिने सुखाची, म्हणून तिला 'वसंतनगरी' म्हणतात. पहिल्या सकाळी हॉटेलबाहेरच्या गल्लीत एका बाईच्या पातेल्यात पिवळंधमक, दाटसर काहीतरी रटरटत होतं. ह्यांनी वास घेतला आणि म्हणाले, "अगं, हे पिठलं आहे!" आणि खरंच, ते पिठल्याचं सख्खं भावंड निघालं. नाव शीदौफन. वाळलेल्या वाटाण्याचं पीठ पाण्यात शिजवायचं, वरून लसूण, तिखटाचं तेल, कोथिंबीर. भाकरीऐवजी तळलेल्या पिठाची लांब कांडी नाहीतर भाजलेली तांदळाची जाड पोळी. ही पोळी शिजवलेला भात कुटून करतात आणि तिला अरक्वाय म्हणतात. पोटभर नाश्ता झाला आणि ह्यांची प्रवासाची निम्मी काळजी मिटली.

रस्त्यावरच्या हातगाड्यांवर आणखी एक ओळखीचं दृश्य. कैरीच्या फोडी आणि वर मीठ-तिखट. शेजारी हिरवे आवळे, तेही तिखट-मिठातले! तिथली माणसं आवळ्याला ऑलिव्ह म्हणतात, पण जिभेला नावाशी काय करायचंय? आवळा खाऊन वर पाणी प्यायलं की गोड लागतं, हे तिथल्या पोरांनाही ठाऊक आहे.

पावसाळ्यात, म्हणजे जून ते सप्टेंबर, कुनमिंगमध्ये सगळीकडे रानातल्या अळंब्यांचा सुकाळ असतो. त्यांतली सर्वांत मानाची जीझोंग. ती वाळवीच्या वारुळावर उगवते. म्हणजे आपल्या कोकणात आणि गोव्यात श्रावणाच्या आसपास टोपल्यांतून विकायला येतात त्या वारुळावरच्या अळंब्यांच्याच घराण्यातली. दुसरी एक आहे, तिला हात लावला की निळी पडते. ती कच्ची राहिली तर माणसाला भास होतात, भिंतीवरून छोटी छोटी माणसं चालताना दिसतात म्हणे. २०२३ च्या जुलैत अमेरिकेच्या तेव्हाच्या अर्थमंत्री जॅनेट येलेन बीजिंगच्या एका युन्नानी हॉटेलात हीच अळंबी जेवल्या आणि त्याची मोठी बातमी झाली. त्यांना काही झालं नाही, कारण ती नीट शिजवलेली होती. कुनमिंगच्या हॉटेलात अळंब्यांचं भांडं उकळायला ठेवतात आणि वेळ भरेपर्यंत तुम्हांला खायच्या काड्याच देत नाहीत! शिस्त म्हणजे अशी.

बाय लोकांचं दूधदुभतं

कुनमिंगहून दालीला वेगवान गाडीनं साधारण दोन तास लागतात. ही गाडी २०१८ साली सुरू झाली. दाली म्हणजे अरहाय नावाचं लांबलचक तळं, मागं त्सांगशान डोंगराची भिंत, आणि बाय लोकांचं मूळ घर. इथं एके काळी स्वतंत्र राज्य होतं. ते १२५३ साली कुब्लाईखानाच्या मंगोल फौजेनं जिंकलं. (या फौजेची आठवण ठेवा, पुढं कामाला येईल.)

चीनमध्ये बहुतेक ठिकाणी जुन्या स्वयंपाकात दुधाला जागा नाही. बाय मंडळी मात्र दुधाचे दोन पदार्थ पिढ्यान्‌पिढ्या करत आली आहेत. पहिला रूबिंग, म्हणजे शेळीच्या दुधाचं पनीर. चौकोनी तुकडे कापून तव्यावर खरपूस भाजायचे आणि मीठ-तिखटात बुडवून खायचे. दुसरा रूशान, म्हणजे 'दुधाचा पंखा'. कढईत आधीची आंबट निवळी तापवतात, त्यात ताजं दूध ओततात, फाटलेलं दूध दोन काड्यांनी एकत्र गोळा करून ओढतात आणि बांबूच्या काठ्यांवर गुंडाळून वाळवतात. होते ती पातळ, पिवळट, पापडासारखी पट्टी. ती निखाऱ्यावर फुलवून तिला गुलकंद फासून गुंडाळी करून देतात. हो, गुलकंदच! गुलाबाच्या पाकळ्या साखरेत मुरवलेल्या. ह्यांनी तीन खाल्ल्या.

मुद्दा त्या आंबट निवळीचा आहे. आज उरलेली निवळी उद्याच्या दुधाला. आपल्या विरजणासारखंच, साखळी तुटू द्यायची नाही.

बाय लोक पाहुण्याला तीन प्याल्यांचा चहा देतात. पहिला भाजलेल्या पानांचा, कडू. दुसरा गोड, त्यात अक्रोड, गूळसाखर आणि रूशानचे तुकडे. तिसऱ्यात मध, आलं आणि एक सुवासिक, जिभेला झिणझिण्या आणणारं फळ. त्याचा वास घेतल्याबरोबर मला आमच्या घरचं बांगड्याचं तिखलं आठवलं. ते फळ म्हणजे आपल्या तिरफळाचं भाऊबंद, वनस्पतिशास्त्राप्रमाणे एकाच कुळीतलं. मालवणला ते बांगड्यात पडतं आणि दालीत चहात.

तळ्यातल्या माशांचं कालवणही तिथं आंबट-तिखट असतं. आंबटपणा वाळवलेल्या जर्दाळूसारख्या फळांचा आणि एका आंबट फळाच्या कापांचा. आपण आमसूल टाकतो तसं. डुकराची कातडी वरून भाजून आतून कच्ची खायचाही प्रघात आहे. ते ताट समोर आलं तेव्हा मी हात जोडले.

दालीच्या उत्तरेला लिज्यांग. तिथं नाशी लोक एका बारीक कडधान्याची राखाडी रंगाची वडी करून, तिचे काप तिखट-व्हिनेगरात कालवून देतात. आणखी वर गेलं की तिबेटी मुलूख लागतो. लोणी घातलेला खारट चहा आणि भाजलेल्या जवाचं पीठ, म्हणजे आपलं सातूचं पीठच. डोंगरकपारीच्या ई लोकांकडे कुट्टूच्या पिठाची कडसर भाकरी मधाबरोबर खातात. उंचावर भात होत नाही, म्हणून ही भाकरी.

बारा हजार खाचरांचा प्रदेश

आता एकदम दक्षिणेला चला. कुनमिंगहून लाओसच्या राजधानीपर्यंत २०२१ च्या डिसेंबरात रेल्वे सुरू झाली. त्याच गाडीनं साडेतीन तासांत शिश्वांगपान्नाला उतरलो. दाय लोकांच्या भाषेत मूळ नाव सिपसोंगपान्ना, अर्थ 'बारा हजार भातखाचरं'. हवा दमट, घाम गळतोय, माड, केळी, फणस, चिंच. मला तर सावंतवाडीला उतरल्यासारखं वाटलं.

दाय लोकांची भाषा थाई आणि लाओ भाषांची बहीण. धर्म थेरवादी बौद्ध. त्यांचं नवं वर्ष एप्रिलच्या मध्याला येतं, तेव्हा एकमेकांवर पाणी उडवतात. या सणाला त्यांच्याकडे 'सांगकान' म्हणतात, थायलंडमध्ये 'सोंगक्रान'. शब्द ओळखीचा वाटतो ना? तो आपला संस्कृत 'संक्रांत'. आपण मकरसंक्रांत धरून बसलो, त्यांनी मेषसंक्रांत धरली. नववर्षाला चिकट तांदळाचं पीठ, गूळ आणि एका रानफुलाची वाळवून केलेली पूड असं एकत्र मळून केळीच्या पानात गुंडाळून वाफवतात. आम्हांला जिंगहोंगच्या बाजारात ते मिळालं. पान उलगडलं आणि मी ह्यांना म्हटलं, "पातोळ्यांचा वास येतोय हो." हळदीचं पान नव्हतं, पण गूळ आणि वाफेवरचं पान यांची गोष्टच वेगळी.

दाय जेवणात तेल कमी. मासा मधोमध चिरून उलगडायचा, आत मिरची, लसूण, कोथिंबीर भरायची, गवती चहाच्या पात्यांनी बांधायचा आणि निखाऱ्यावर धरायचा. भाज्या, अळंब्या, मांस केळीच्या पानात गुंडाळून भाजतात. भात चिकट, बांबूच्या टोपलीत वाफवलेला, हातानं खायचा. आणि प्रत्येक जेवणात 'नानमी' हवीच. नानमी म्हणजे आपला ठेचा. टोमॅटो आणि मिरच्या निखाऱ्यावर भाजून, लसूण-कोथिंबिरीबरोबर खलात कुटायच्या, आणि कच्च्या-उकडलेल्या भाज्या त्यात बुडवून खायच्या. वांगंही असंच भाजून कुटतात. जळगावच्या माणसाला ते दिलं तर तो तेलाची फोडणी तेवढी मागेल. नदीतलं शेवाळ वाळवून त्याचे पापडही तळतात. हिरवेगार, खारट, कुरकुरीत.

जिंगहोंगपासून जवळच जीनो डोंगर आहे. तिथले जीनो लोक संख्येनं पंचवीस हजारांच्या आसपास. सरकारी यादीत त्यांचं नाव सर्वांत शेवटी, १९७९ साली आलं. चहाचं मूळ घर मानतात त्या रानांतली ही माणसं. ते चहा पितात तसा खातातही. कोवळी पानं हातानं चुरडून त्यात लसूण, मिरची, मीठ आणि थोडं पाणी घालून कोशिंबीर करतात! सगळं जग चहा उकळतं, आणि ज्यांच्या अंगणात तो उगवला ते त्याला पालेभाजी समजतात.

व्हिएतनामच्या बाजूला हानी लोकांची युआनयांगची खाचरं आहेत. युनेस्कोनं २०१३ साली ती जागतिक वारशात घेतली. डोंगरमाथ्यावर रान, त्याखाली गाव, गावाखाली उतारभर शेकडो पायऱ्यांची पाण्यानं भरलेली शेतं. माथ्यावरचं रान तोडायचं नाही हा नियम, कारण पाणी तिथून येतं. खाचरात लाल तांदूळ, त्याच पाण्यात मासे, वर बदकं. म्हणजे एका शेतात सगळं ताट. सणाला प्रत्येक घर आपलं मेज आणून रस्त्यात मांडतं, एकापुढे एक जोडून गावभर लांबच लांब पंगत होते. प्रत्येक घराचं तिखट वेगळं असतं आणि शेजारणी एकमेकींचं चाखून बघतात. हे काही मला नवीन नव्हतं!

मीठ नाही, म्हणून आंबट

शेवटचा आठवडा ग्वेइजौमध्ये. हा प्रांत तुम्हांला अनोळखी वाटेल, पण त्याची एक बाटली तुमच्या फ्रिजमध्ये बहुधा आहे. लाल लेबलवर गंभीर चेहऱ्याच्या बाईंचा फोटो असलेलं 'लाओ गान मा' नावाचं मिरचीचं तेल. त्या बाई म्हणजे थाव ह्वाबी. त्यांनी हा धंदा नव्वदच्या दशकात ग्वेइजौच्याच राजधानीत, ग्वेइयांगला उभा केला.

ग्वेइजौत डोंगर चुनखडीचे, पाऊस-धुकं बारमाही, आणि मीठ कुठंच नाही. शेजारच्या सिचुआनातून हमाल पाठीवर वाहून आणायचे. ते इतकं महाग की गरिबाला परवडत नसे. मग डोंगरातल्या म्याव आणि दोंग लोकांनी चव आणायला आंबटाचा आधार घेतला. अठराव्या शतकाच्या सुरुवातीच्या तिथल्या एका सरकारी नोंदीत असं लिहिलंय की स्थानिक म्याव लोक मिठाऐवजी मिरची वापरतात. चीनमध्ये मिरची खाण्यात आल्याची ही सर्वांत जुन्या नोंदींपैकी एक. आपल्याकडे मिरची पोर्तुगिजांबरोबर गोव्याला आली आणि आपल्या जेवणाचा रंग बदलला. तिथं ती मिठाची जागा भरायला आली. मीठ-मिरची आपण एका दमात म्हणतो, त्यांच्याकडे त्यातलं एकच होतं.

म्याव लोकांचा प्रसिद्ध पदार्थ म्हणजे आंबट रश्श्यातला मासा. आंबट दोन तऱ्हेचं. पांढरं असतं ते तांदळाच्या धुवणाचं. धुवण मडक्यात भरून चुलीच्या उबेला ठेवायचं, काही दिवसांत आंबतं. लाल असतं ते रानटी बारक्या टोमॅटोंचं आणि मिरचीचं. ते ज्या बरणीत मुरतं तिच्या गळ्याभोवती पन्हाळीसारखी खोबण असते, तीत पाणी भरून वर झाकण पालथं घालतात. आतली हवा बाहेर जाते, बाहेरची आत येत नाही. रबर नाही, स्क्रू नाही. रश्श्यात खाचरातला मासा आणि लिंबू-मिऱ्याच्या मधल्या वासाची एक रानबी पडते. तीन दिवस आंबट खाल्लं नाही तर पाय लटपटतात, असं तिथली माणसं म्हणतात. मी एका बैठकीला तीन वाट्या रस्सा प्यायले.

दोंग लोकांकडे मासा चिकट भात आणि मिरचीत दाबून लाकडी पिंपात ठेवतात, तो वर्षानुवर्षं टिकतो. लग्नात, मर्तिकात तोच मासा काढतात. खाचरात भात, मासा आणि बदक एकत्र वाढवायची त्यांची पद्धत संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि शेती संघटनेनं २०११ साली शेतीच्या वारशात नोंदवली.

कायली गावची एक म्याव मुलगी आमच्याबरोबर वाटाडी म्हणून होती. पंचविशीतली, चुणचुणीत. तिच्या घरी जेवायला गेलो तेव्हा तिच्या आईनं कोपऱ्यातली बरणी दाखवली. सासूकडून आलेली. आतलं आंबट कधी पूर्ण संपवायचं नाही, थोडं ठेवून वर नवीन घालायचं. मुलगी म्हणाली, "माझा भाऊ ग्वांगदोंगला कारखान्यात आहे. वर्षातून एकदा येतो आणि जाताना एक बाटली भरून नेतो. मला अजून जमत नाही हो. आईनं दोनदा शिकवलं, दोन्ही वेळा बुरा आला." आता आंबट रश्श्याची पाकिटं निघाली आहेत, चीनभर हॉटेलं झाली आहेत. मी आईला विचारलं, पाकिटाचं कसं असतं? मुलीनं विचारून सांगितलं, "आई म्हणते, ते सगळ्यांच्या घरी सारखंच लागतं."

तक्रार म्हणावी तर तीत राग नव्हता. पण मला ती रात्रभर पुरली.

कोण काय राखतं

ग्वेइजौतून हजारो तरुण मुलं किनाऱ्यावरच्या कारखान्यांत गेली आहेत. गावात आज्या आणि नातवंडं. इकडे पर्यटकांच्या गल्लीत सगळ्या समूहांचे पदार्थ एका ओळीत, एकाच तेलात, एकाच मसाल्यात मिळतात. दायचा मासा, बायचं पनीर, म्यावचा रस्सा, सगळ्यांवर पाटी एकच, 'डोंगरी चव'. आपल्या 'इंडियन बुफे'चंच हे भावंड. म्हणून या मुलखाकडे मी आपल्या डोळ्यांनी पाहत होते. घरापासून लांब गेलेली माणसं काय राखतात आणि काय सोडतात?

युन्नानमध्येच याच्या दोन गोष्टी आहेत. पहिली ह्वे मुसलमानांची. १२७४ साली बुखाऱ्याचा सय्यद अजल शम्सुद्दीन युन्नानचा सुभेदार झाला. त्या काळात आणि नंतर आलेल्या लोकांचे वंशज हे ह्वे. भाषा चिनी झाली, नावं चिनी झाली, नूडल्स, चटण्या सगळं तिथलं उचललं. पण डुक्कर वर्ज्य ते वर्ज्यच. मीठ लावून वाळवलेलं गोमांस, उकडून गार कापलेलं गोमांस, हे त्यांचं खास. १८५६ पासून पंधरा-सोळा वर्षं तिथं मोठं बंड झालं, ते मोडल्यावर पुष्कळ ह्वे ब्रह्मदेश आणि थायलंडकडे गेले. आज चिआंग मायमध्ये नारळाच्या दुधातल्या मसालेदार रश्श्याच्या ज्या शेवया मिळतात, त्यांचं नातं याच तांड्यांशी जोडतात. घर दोनदा सुटलं, जिन्नस बदलले, पण नियम सुटला नाही.

दुसरी गोष्ट कुब्लाईखानाच्या त्या फौजेची. तिच्यातल्या शिपायांचे वंशज कुनमिंगच्या दक्षिणेला तोंगहाय तालुक्यात शिंगमंग गावी आजही आहेत आणि स्वतःला मंगोल म्हणवतात. पण गवताळ माळ नाही, घोडे नाहीत, कळप नाहीत. पूर्वज तळ्याकाठी कोळी झाले, तळं आटलं तसे शेतकरी झाले. आता भात आणि वाम मासा खातात. बोलतात ती भाषा मंगोल नव्हे, ई लोकांच्या भाषांच्या कुळातली. पावणेआठशे वर्षांत नाव तेवढं राहिलं.

यातलं बरोबर कुणाचं, हे ठरवणारी मी कोण? पण आपलं कुठल्या दिशेनं चाललंय, हे मात्र आपल्या घरात पाहता येतं. आपल्या मुलांना 'मराठी' हे नाव माहीत आहे. पण आजीच्या गावाला आमटीत काय घालायचे, हे त्यांना सांगता येईल का?

जाणाऱ्यांसाठी थोडं

शाकाहाऱ्यांनी घाबरू नये, पण सावध राहावं. युन्नानमधल्या पुष्कळ खानावळींत भाज्या फळीवर मांडलेल्या असतात, बोट दाखवायचं आणि परतून घ्यायच्या. परतायला मात्र बऱ्याचदा डुकराची चरबी वापरतात, म्हणून आधी सांगावं. "वो ची सू" म्हणजे मी शाकाहारी. बुद्धमंदिरांतल्या भोजनगृहांत निर्धास्त जेवता येतं. डुक्कर नको असेल तर ह्वे लोकांची हॉटेलं आहेत. पाटी हिरवी आणि वर अरबी अक्षरं. शीदौफन, रूबिंग, कुट्टूची भाकरी, नानमी आणि चिकट भात यांवर ह्यांचे तीन आठवडे निघाले आणि वजनही वाढलं. पोट नाजूक असेल तर कच्चं मांस आणि रस्त्यावरची रानअळंबी टाळावी.

परतताना ती कायलीची मुलगी आम्हांला गाडीवर पोचवायला आली होती. तिनं मला विचारलं, "तुमच्या गावाला आंबट कशानं करतात?" त्यांच्याकडे नव्या माणसाची ओळख करून घ्यायचा हा प्रश्नच आहे म्हणा ना. मी सांगितलं, आमच्याकडे कोकम. घाटावर चिंच. विदर्भ-मराठवाड्याकडे अंबाडी. शिवाय कैरी, ताक आहेच. तिला सगळी नावं लिहून हवी होती, म्हणून तिच्या वहीत लिहून दिली.

आपल्या मंडळाच्या पुढच्या पॉटलकला पदार्थांपुढे चिठ्ठ्या ठेवतो त्यावर 'व्हेज करी' असं न लिहिता पदार्थाचं नाव, गाव, तालुका आणि आंबट कशाचं, एवढं लिहिलं तर? दोन ओळींचं काम आहे. मुलं वाचतील, विचारतील, त्यांतलं एखादं शिकायलाही उभं राहील. पहिल्यांदा बुरा येईलच. आमची चिठ्ठी तयार आहे: बांगड्याचं तिखलं, तालुका मालवण, आंबट कोकमाचं, आणि तिरफळं सात.